तिसऱ्या मजल्यावरचं परकं कुलूप

१

सत्यशीला तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिच्या एका हातात देवांचा डबा होता आणि दुसऱ्या हातात नव्या घराची किल्ली. आधी देव आत न्यायचे, मग सामान, हे तिच्या आईचं शिकवणं. पण त्या दिवशी देवांनाही उंबऱ्याबाहेर थांबावं लागलं. दाराच्या बाहेरच्या कडीला एक कुलूप लटकत होतं आणि ते तिचं नव्हतं.

तिच्याकडची किल्ली आतल्या लॅचची होती. सोमवारी घरमालक नानासाहेबांनी घर दाखवलं तेव्हा ही कडी मोकळी होती. आज शुक्रवार. मधल्या तीन दिवसांत कोणीतरी येऊन हे जुनं, जाडजूड कुलूप गच्च लावून गेलं होतं.

खाली गल्लीत ड्रायव्हर हनुमानचा टेम्पो सामानानं भरून उभा होता. केबिनमध्ये मांडीवर मिक्सर घेऊन अपेक्षा बसली होती. सत्यशीलाची ही एकुलती लेक यंदा दहावीला होती आणि सोमवारी तिची शाळा सुरू होणार होती. छावणी भागातली जुनी खोली सकाळी आठलाच रिकामी करून दिलेली. तिथल्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि आतापर्यंत रंगारी भिंती खरवडायलाही लागले असतील. मागे फिरायला जागा नव्हती.

तिनं नानासाहेबांना फोन लावला. ते फुलंब्रीला राहत. तिनं कुलपाचं सांगितलं.

"मी नाय लावलं," ते म्हणाले. "हात लावू नका त्याला. मी निघालोच. आणि सिस्टर, सामान उतरवू नका."

२

घर शोधायला निघालं की माणसाला आपल्याबद्दल बऱ्याच नव्या गोष्टी कळतात. सत्यशीला एका दवाखान्यात नर्स होती. पाच आठवड्यांत तिनं सव्वीस घरं बघितली होती. आडनाव काय, मिस्टर काय करतात, मिस्टर नाहीत तर मग येणारं-जाणारं कोण, मटण शिजवता का, या सगळ्यातून ती पार पडायची. मग शेवटचा प्रश्न यायचा आणि तिथं गाडी अडायची. ड्युटी दिवसाची ना? मग पाण्याच्या दिवशी घरी कोण?

शहरातल्या पुष्कळ वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही. या गल्लीत ते आठव्या दिवशी यायचं, तेही दोन तास. त्या दोन तासांत हौद भरायचा, मोटर लावून गच्चीवरच्या टाक्या भरायच्या. घरात माणूस नसेल तर पुढचे आठ दिवस कोरडे. कुलूपबंद घराची टाकी शेजाऱ्यांनी का भरावी, असं मालक म्हणायचे, आणि तेही खोटं नव्हतं.

नानासाहेबांनी मात्र हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांच्या शेतात बोअर होतं, शहरातल्या पाण्याचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं. भाडं परवडण्यासारखं, शाळा जवळ. पाच महिने हे घर रिकामं कसं राहिलं याचंच तिला नवल वाटलं होतं.

तासाभरात नानासाहेब आले. सोबत त्यांचा मुलगा सुदर्शन होता. तो फुलंब्रीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान बघायचा. नानासाहेब तीन जिने चढले, कुलपाकडे लांबूनच बघितलं आणि पाय मागे घेतला.

त्याचं कारण साऱ्या गिरिजा अपार्टमेंटला पाठ होतं, कारण नानासाहेब ते ज्याला-त्याला ऐकवायचे. बारा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्याच शेडचं परकं कुलूप तोडलं होतं. समोरच्यानं ताब्याची केस घातली आणि अकरा वर्षं तारखा पडत राहिल्या. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. नानासाहेब तर ताकाच्या वाटेलाच जात नव्हते.

"कुलूप कोणाचं ते कळू द्या," ते म्हणाले. "मग उघडतो. संध्याकाळपर्यंत नाय कळालं, तर तुमी दुसरं घर बघा."

सत्यशीलानं मनात मोजलं. दुसरं म्हणजे सत्ताविसावं.

तेवढ्यात जिन्यातून सावकाश चपला वाजल्या. टेम्पोबरोबर आलेले सांडूमामा वर येत होते. त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही. ते सरळ कुलपापुढे उकिडवे बसले आणि त्यांनी ते हुंगलं.

३

सांडूमामा म्हणजे सत्यशीलाच्या आईचे धाकटे भाऊ. घराणं मेंढपाळांचं, पण मामांनी शहरात येऊन तीस वर्षं पाणीपुरवठ्यात लाइनमनची नोकरी केली. गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह सोडायचे आणि बंद करायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रस्त्यानं चालताना त्यांची नजर खालीच असायची.

कुलपाच्या बुडाशी पांढरा, खडबडीत थर होता. मामांनी तो नखानं खरवडला. थराखालून कोरलेलं एक अक्षर डोकावलं आणि मामांनी त्यावरून अंगठा फिरवला. कडेला निळ्या रंगाचा एक टवकाही चिकटला होता.

"पोरी, मेंढरू हरवलं तर काय करावं?" त्यांनी विचारलं.

हे सत्यशीलानं लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं. "पायखुणा धरून नाय, पाणी धरून चालावं," ती कंटाळून म्हणाली. तिला या घडीला मेंढरांत रस नव्हता.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरची बिऱ्हाडं सुट्टीत गावी गेली होती. इमारतीत माणसं होती ती फक्त तळमजल्यावर. तिथं वच्छलाबाई राहायच्या. रिकाम्या घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असायची आणि आलेल्या माणसांना घर त्याच दाखवायच्या. सत्यशीला मात्र भाड्याची पाटी वाचून थेट नानासाहेबांकडे गेली होती.

त्यांच्या दारापुढेच हौद होता. सत्यशीलाची ओढणी हौदाच्या निळ्या झाकणाला बांधलेल्या तारेत अडकली. तार नवी कोरी, चकचकीत होती. तिनं ती सोडवली आणि मामांबरोबर ती आत गेली.

वच्छलाबाईंनी चहा टाकला. त्यांनी पाण्याचे पेले अर्धेच भरून दिले, या शहरात त्याला कोणी कंजूषपणा म्हणत नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यात चार तारखेला आणि बारा तारखेला पेनानं गोल केलेले होते. आतल्या खोलीच्या पडद्यामागून कोणी खाकरलं. त्यांचे यजमान पुंजाराम. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं, ते तेव्हापासून अंथरुणावर होते.

वच्छलाबाई बोलायला गोड होत्या. तुमचं लई वाईट झालं, म्हणाल्या. वर काय चाललंय ते इथं बसून कळत नाही, म्हणाल्या. मामांनी विचारलं, काल कोणी अनोळखी माणूस दिसलं का?

"काल मी घरीच नव्हते," वच्छलाबाई म्हणाल्या. "शहागंजला गेले व्हते. बाराला गेले ते चारला आले. कोण आलं, कोण गेलं, मला काय ठावं?"

मामांनी कॅलेंडरकडे बघितलं, चहाची बशी खाली ठेवली आणि आणखी अर्धा पेला पाणी मागितलं. ते पितापिता त्यांची नजर बाईंच्या तळहातांवर होती. हात पांढरेफटक पडले होते आणि बोटांची टोकं सुरकुतली होती.

बाहेर आल्यावर सत्यशीलानं विचारलं, "मामा, काय कळालं?"

"एक खोटं सापडलं," मामा म्हणाले. "पण खोटं सापडलं म्हंजी कारण सापडलं असं नाय."

४

पुढचा मान बद्रीनाथचा. हा त्या भागातला घरांचा एजंट. सत्यशीलाला पाच-सहा घरं त्यानंच दाखवली होती. ती परस्पर नानासाहेबांकडे गेल्यापासून तो फुगून बसला होता. माझ्याशिवाय तुम्हाला या रोडवर घर लागायचं नाही, असं तो तिला तोंडावर म्हणाला होता. टेम्पो उभा असल्याची बातमी लागताच तो आपणहून आला. दुसऱ्याची फजिती बघायला रिक्षाभाडं लागत नाही.

मामांनी त्याला चहाच्या टपरीवर बसवलं आणि गोड बोलून सगळं काढून घेतलं. काल चार वाजता तो एका गिऱ्हाइकाला घेऊन आला होता. सत्यशीलाचं ठरलेलं असतानाही तो घर दुसऱ्याला दाखवायला निघाला होता. वर जाऊन बघतो तर दाराला कुलूप.

"गिऱ्हाइकापुढं तोंडघशी पडलो, मामा," बद्रीनाथ म्हणाला. "मी लावलं असतं, तर मीच त्याला कशाला वर नेलं असतं?"

यात तथ्य होतं. एजंट माणूस सगळं खोटं सांगेल, पण गिऱ्हाइकापुढची नामुष्की खोटी सांगणार नाही.

मग सुदर्शन. त्याला बापासमोर बोलायचं नव्हतं. मामा त्याला टेम्पोच्या आडोशाला घेऊन गेले. तो स्वच्छ बोलला. त्याला फ्लॅट विकायचा होता, भाडेकरू नको होता. काल सकाळी तो एका गिऱ्हाइकासाठी फोटो काढायला आला होता. त्यानं मोबाइल पुढे केला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. बंद दार, मोकळी कडी.

म्हणजे कुलूप अकरा ते चारच्या मध्ये लागलं होतं. सत्यशीलानं बोटांवर पाच तास मोजले आणि सुदर्शनकडे बघितलं. भाडेकरू नको असलेला मुलगा, त्यात कुलपांचं दुकान. आणखी काय हवं?

नानासाहेबांच्याही मनात तेच आलं असावं. ते पुन्हा वर गेले होते. खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"आमच्या दुकानात परत्येक कुलपावर खिळ्यानं 'न' कोरायची रीत हाय. वडिलांपासून," ते म्हणाले. त्यांनी मुलाकडे बघितलं नाही. "वरच्या कुलपावर 'न' हाय."

बाप आपल्याला काही विचारत नाही, सरळ संशय धरूनच चालतो, हे सुदर्शनला लागलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"नानासाहेब," सांडूमामा म्हणाले, "पोराला काय बोलू नका. मला अर्धा तास द्या."

५

मामा सत्यशीलाला गच्चीवर घेऊन गेले. तिथं चार घरांच्या चार टाक्या होत्या. चारही काठोकाठ भरलेल्या, रिकाम्या घराचीसुद्धा. उन्हात कपडे वाळत घालायच्या तारा ताणलेल्या होत्या.

मामांनी आधी एक फोन केला. त्यांच्या जागेवर आलेला लाइनमन त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं सांगितलं की काल बारा तारखेला या गल्लीला साडेबारा ते अडीच पाणी होतं.

"आता ऐक," मामा म्हणाले. "कुलपाच्या बुडाला पांढरा थर हाय. तो क्षाराचा. दाराचं कुलूप धूळ खातं, त्याला क्षार धरत नाय. हे कुलूप वरसानुवरसं पाण्याजवळ राहिलंय. आन् 'न' त्या थराच्या खाली हाय. सुदर्शननं काल दुकानातून आणलं असतं, तर अक्षर वर नसतं का दिसलं?"

"निळा रंग," सत्यशीला म्हणाली. "हौदाचं झाकण निळं आहे. आणि त्याला नवी तार बांधलीये."

"व्हय. हौदाचं कुलूप हाय ते. चार वरसांमागं नानासाहेबांनीच दिलं आसंल, आन् इसरले. काखेत कळसा न् गावाला वळसा."

तेवढ्यावरून यात कोणाचा हात हेही उघड होतं. हौदाची किल्ली आणि मोटरचं बटण दोन्ही वच्छलाबाईंकडे होतं. पण त्या तर बारा ते चार शहागंजला गेल्या होत्या म्हणे.

"मग ह्या टाक्या भरल्या कोणी? बाकीचे तर गावी गेलेत," मामा म्हणाले. "तीस वरसं पाणी सोडलं मी. पाण्याच्या दिवशी सख्ख्या भाच्याच्या लग्नाला बाई जात नाय, आन् ही शहागंजला गेली? कॅलेंडरवर सोताच्या हातानं बाराला गोल करून?"

खोटं बोलायला त्यांनी नेमका तोच दिवस निवडला होता, ज्या दिवशी या शहरात कोणीच घराबाहेर नसतं. पण का? त्यांची स्वतःची टाकी तर होतीच. रिकाम्या घराशी त्यांचं काय अडलं होतं? मामा तिथं थांबले. कुलूप लावण्याचं कारण त्यांना सापडत नव्हतं.

सत्यशीला तारांकडे बघत होती. एवढ्या तारा, तळमजल्यावरच्या दोन माणसांसाठी? आणि मग तिला सोमवार आठवला. खोल्यांत बोटभर धूळ होती, पण मोरी लख्ख धुतलेली होती. तिथं एक वास होता आणि तो तिला इतका सवयीचा होता की तेव्हा काही वाटलंच नाही. तिच्या वॉर्डात रोज सकाळी असतो तोच, जंतुनाशकात भिजवलेल्या चादरींचा.

ती खाली निघाली. मामाही उठले.

"मामा, तुम्ही थांबा," ती म्हणाली. "मी एकटी जाते."

६

वच्छलाबाईंनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून त्या बाजूला झाल्या. सत्यशीलानं कुलपाचं नाव काढलं नाही. ती पडदा सारून आत गेली.

पुंजाराम कुशीवर झोपले होते. चादर पांढरी, ताणून घातलेली. सत्यशीलानं नर्सच्या सवयीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ चार महिन्यांत कशी होते हे तिनं शेकड्यांनी बघितलं होतं.

"मावशी, ह्यांना पाठीला जखम नाही झाली?"

"नाय," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच ताठ झाला. "दोन वरसांत एक नाय होऊ दिली."

सत्यशीलाला पुढचं विचारायची गरज उरली नाही. दिवसाला चार चादरी, कधी सहा. अंग पुसायचं, भांडं धुवायचं, कपडे उकळायचे. एका टाकीच्या पाण्यात हे आठ दिवस भागत नाही, कोणाच्याच घरात भागलं नसतं.

"आमची टाकी पाचव्या दिशी संपती," बाई सांगू लागल्या. वरचं घर रिकामं झालं तेव्हा त्यांना वाटलं, देवानंच टाकी दिली. कपडे घेऊन त्या वर जायच्या, तिथंच धुवायच्या, गच्चीवर वाळवायच्या. घर बघायला आलेल्यांना काहीबाही सांगून परत पाठवायच्या. कोणाला पाण्याला जोर नाही म्हणून सांगितलं, कोणाला ऊन फार. ही एक बाई परस्पर मालकाकडून आली, आणि काल मोटर चालू असताना, हौदाचं कुलूप हातात असताना त्यांना नानासाहेबांची ती अकरा वर्षांची केस आठवली. मालक कुलपाला भितो. चार दिवस गेले की बाई दुसरं घर बघेल.

"तुझ्यावर राग नव्हता, पोरी. कोणी बी आलं असतं तरी लावलं असतं." त्यांनी कमरेच्या पिशवीतून किल्ली काढून पुढे धरली. "घे. सांग मालकाला. आमाला बी काढंल आता."

सत्यशीलाला राग यायला हवा होता. बाहेर टेम्पोत तिचा संसार उन्हात तापत होता आणि लेक तीन तास मिक्सर धरून बसली होती. राग आलाही. पण तिचा हात अजून त्या म्हाताऱ्याच्या निरोगी पाठीवर होता. एवढी चांगली पाठ तिच्या वॉर्डातही कोणाची नव्हती, आणि तिथं चोवीस तास पाणी होतं.

"मावशी," ती म्हणाली, "मी आठला जाते, सहाला येते. पाण्याच्या दिवशी माझ्या घरी कोणी नसतं. पंचवीस घरांनी मला तेवढ्यासाठी परत पाठवलं. माझी टाकी तुम्ही भराल?"

वच्छलाबाईंना आधी कळलंच नाही.

"आम्ही दोघीच आहोत. आमची टाकी आठ दिवसांत काही संपत नाही. चादरी पहिल्यासारख्या वर धुवा. एक किल्ली तुमच्याकडे आहेच."

बाई खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

७

नानासाहेबांना सांडूमामांनीच सांगितलं. कुलूप तुमचंच हाय, हौदाचं, तुमच्याच दुकानातलं. पाण्याच्या गडबडीत वर राहिलं. परकं नाही, केस नाही, ताबा नाही. हौदाचं कुलूप पाण्याच्या गडबडीत तीन जिने कसं चढलं, हे नानासाहेबांनी विचारलं नाही. मुलावर संशय घेतल्याच्या ओशाळेपणात त्यांना ते सुचलं नसावं. सुदर्शननं हौदाच्या नव्या तारेकडे एकदा बघितलं, मग मामांकडे, आणि कपाटाचं एक टोक उचलायला तो टेम्पोकडे गेला.

दुपारी तीनला देव घरात गेले.

वीस तारखेला, शुक्रवारी, सत्यशीला वॉर्डात इंजेक्शन भरत असताना फोन वाजला. टाकी भरली, मोटर बंद केली, एवढंच सांगून वच्छलाबाईंनी फोन ठेवला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. हौदाच्या झाकणाला जुनं कुलूप परत लागलं होतं. नानासाहेबांनी त्याची दुसरी किल्ली करून दिली होती आणि ती आता तिच्या जुडग्यात होती.

अपेक्षानं दार उघडता उघडता ते जुडगं बघितलं. "आई, ही लॅचची. मग ही दुसरी कशाची?"

"तीही घराचीच," सत्यशीला म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली.